लस दिली, तरी मानमोडी का आली?

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्याने भूगाव आणि भुकूम मागे टाकून घाट ओलांडला, की पिरंगुट लागते. आता तेथे कारखाने आणि निवासी इमारती यांची गर्दी झाली आहे. तरी मुख्य रस्ता सोडून मुळशी तालुक्यातील आतल्या गावांकडे वळले, की भातखाचरांच्या कडेला जाळीच्या भिंतींच्या लांबट शेड अजून दिसतात. आत भाताच्या तुसाची गादी अंथरलेली असते आणि तिच्यावर शेकडो पांढरी पिल्ले वावरत असतात. दिवस, तापमान, खाद्य आणि लस यांचा तक्ता दारापाशी टांगलेला असतो. पोल्ट्रीचा धंदा हा तक्त्यावर चालणारा धंदा आहे.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची अशीच एक लहान शेड आहे. त्यांनी एका लॉटला सहाव्या दिवशी राणीखेत रोगाची लस दिली. प्रत्येक पिलाच्या डोळ्यात एकेक थेंब, अगदी पद्धतशीर. चौथा आठवडा लागला आणि पक्षी सुस्त होऊ लागले. मग त्यांच्या माना पिळवटल्यासारख्या वाकड्या होऊ लागल्या. या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात ते याच लक्षणावरून. मर सुरू झाली, ती थांबेना.

"सर, लस पाण्यासारखी निघाली बघा," ते मला म्हणाले. त्यांचा राग साहजिक होता. पण त्याच पेटीतील लस शेजारच्या गावातील एका शेडमध्येही दिली गेली होती आणि तेथील पक्षी ठणठणीत होते. तालुक्याचे पशुवैद्य आले. त्यांनी मेलेला एक पक्षी उघडला. मला वाटले, ते मान किंवा मेंदू पाहतील. त्यांनी इतर अवयव पाहिले, पण सर्वांत जास्त वेळ ते शेपटीच्या बुडाशी काहीतरी शोधत होते. अखेर चिमट्याने त्यांनी वाटाण्याहूनही लहान, सुकल्यासारखा एक गोळा उचलून दाखवला. "हा या वयाला चांगला टपोरा हवा होता," एवढेच ते म्हणाले.

मान वाकडी झाली आणि दोष शेपटीखाली सापडला. हे कसे? माझा विषय भौतिकी. पण हे कोडे मला स्वस्थ बसू देईना. पुढे जे वाचले आणि जाणकारांना विचारून समजून घेतले, ते विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापुढे मांडतो. त्यात पुढे थोडे गणितही येणार आहे.

लस काय करते?

लस हे औषध नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. औषध स्वतः जाऊन रोगजंतूंवर काम करते. लस तसे काही करीत नाही. रोगाचा दुबळा केलेला किंवा मारलेला विषाणू शरीरात सोडून ती शरीराला त्याची ओळख करून देते, इतकेच. ओळख पटल्यावर त्या विषाणूला अचूक चिकटणारी प्रथिने शरीर स्वतः तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. पुढे खरा विषाणू आला, की ही प्रतिपिंडे त्याला घेरतात.

म्हणजे लसीकरणाचे निम्मे काम कुपीत असते आणि निम्मे प्राण्याच्या शरीरात. कुपी आपण बर्फात जपतो, तिची मुदत पाहतो. पिण्याच्या पाण्यातून लस द्यायची असेल, तर पाण्यातील क्लोरीनने ती मरू नये म्हणून पाण्यात थोडी दूध पावडरही मिसळतो. पण उरलेले निम्मे काम ज्याने करायचे, ते शरीर त्या दिवशी कामावर आहे की नाही, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

शेपटीखालची पिशवी

इटलीतील पादुआ विद्यापीठात सोळाव्या शतकात फॅब्रिशियस नावाचे शरीरशास्त्राचे एक थोर प्राध्यापक होते. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा त्यांचा विद्यार्थी. कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूस एक लहानशी पिशवी असते, असे त्यांनी पाहिले. त्यांचे हे लेखन त्यांच्या निधनानंतर १६२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हापासून त्या अवयवाला ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ म्हणजे फॅब्रिशियसची पिशवी असे नाव मिळाले. कोंबडीच्या शरीरात नराचे वीर्य साठवण्याची ही जागा असावी, असा फॅब्रिशियस यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला. पण बरोबर उत्तर मिळायला त्यानंतर सव्वातीनशेहून अधिक वर्षे लागली आणि ते मिळाले तेही अपघाताने.

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. या पिशवीचे काम काय, असे त्याने प्राध्यापकांना विचारले. त्यांनी ते शोधण्याचे काम त्यालाच सांगितले. ग्लिकने कोवळ्या पिल्लांच्या पिशव्या शस्त्रक्रियेने काढून टाकल्या आणि वाट पाहिली. पिल्ले वाढली, मोठी झाली. काहीच फरक दिसेना. प्रयोग फसल्यात जमा झाला.

त्याच सुमारास टिमथी चँग हा त्याचा सहाध्यायी वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवणार होता. कोंबड्यांना साल्मोनेला जंतूंचा अंश टोचला, की त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, हे ते प्रात्यक्षिक. त्याला पक्षी कमी पडले, म्हणून ग्लिककडचे पक्षी त्याने मागून घेतले. प्रात्यक्षिक साफ फसले. टोचल्यावर काही पक्षी मेले आणि जे जगले, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचा मागमूस नव्हता. ग्लिकने वही काढून पाहिली, तेव्हा हे सगळे पक्षी पिशवी काढलेले निघाले.

प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी पक्ष्यांमध्ये या पिशवीत तयार होऊन पक्व होतात, हे त्यावरून उलगडत गेले. ‘सायन्स’ या ख्यातनाम नियतकालिकाने त्यांचा निबंध स्वीकारला नाही. १९५६ मध्ये तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापला गेला आणि काही वर्षे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्षही गेले नाही. आज जीवशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही ‘बी-पेशी’ वाचता, त्यातला ‘बी’ हा या बर्सा शब्दाचा आहे. सस्तन प्राण्यांना अशी पिशवी नसते. त्यांच्या बी-पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. इंग्रजीत अस्थिमज्जेचे आद्याक्षरही ‘बी’च निघाले, त्यामुळे नाव बदलण्याची वेळ आली नाही!

पिशवीची वाढ पिलाच्या पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने होते. पक्षी वयात आला, की ती आक्रसून नाहीशी होते. तोवर तिच्यात तयार झालेल्या पेशी प्लीहेत आणि इतरत्र जाऊन वसलेल्या असतात. म्हणून मोठ्या कोंबडीला पिशवी नसली तरी चालते. पिलाला मात्र चालत नाही.

गंबोरो

आता त्या सुकलेल्या गोळ्याकडे वळू. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील डेलावेअर राज्यात गंबोरो या भागात कोंबड्यांच्या पिलांमध्ये एक नवा रोग दिसला. १९६२ मध्ये कॉसग्रोव्ह यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलेल्या पक्ष्यांची मूत्रपिंडे बिघडलेली दिसत, त्यामुळे प्रथम तो मूत्रपिंडाचाच रोग समजला गेला. पुढे कळले, की विषाणूचा खरा रोख त्या पिशवीवर आहे. पिशवीतील विभाजन पावत असलेल्या कोवळ्या बी-पेशी तो नेमक्या हेरतो आणि नष्ट करतो. संसर्गानंतर पिशवी आधी सुजते, चौथ्या दिवसापर्यंत तिचे वजन जवळजवळ दुप्पट होते आणि मग ती इतकी झडते, की आठव्या दिवशी मूळच्या एक-तृतीयांश उरते. पशुवैद्यांनी चिमट्यात धरला होता तो हाच अवशेष.

हा विषाणू सुमारे ६० नॅनोमीटर व्यासाचा आहे. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे हजारभर विषाणू ओळीने मावतील. पण इतका लहान असूनही तो कमालीचा चिवट आहे. पुष्कळ विषाणूंवर मेदाचे एक पातळ आवरण असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. याला ते आवरणच नाही. ५६ अंश सेल्सिअसला पाच तास तापवूनही तो टिकून राहतो. पक्षी हलवल्यानंतर रिकाम्या शेडमध्ये १२२ दिवसांनीही तो रोग देऊ शकला, असे प्रयोगात आढळले आहे. एक लॉट विकून, गादी बदलून पंधरा-वीस दिवसांत दुसरा लॉट भरणाऱ्या शेतकऱ्याने या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. तुसात राहणारे काळे किडेही त्याला एका लॉटमधून दुसऱ्यात पोहोचवतात.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९७१ मध्ये उत्तर प्रदेशातून झाली. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याचा अतितीव्र प्रकार देशभर पसरला. त्याने पुष्कळ पोल्ट्रीवाले बुडाले. मरच इतकी मोठी, की दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. पण मला त्याहून धोकादायक वाटतो तो त्याचा शांत प्रकार.

तीन ते सहा आठवड्यांच्या पक्ष्याला गंबोरो झाला, तर तो आजारी पडलेला दिसतो: पिसे फुलवून बसतो, पांढरट पातळ हगवण लागते. परंतु तीन आठवड्यांच्या आतील पिलाला संसर्ग झाला, तर बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही. पिलू खाते, पिते, हिंडते. आत मात्र पिशवी झडून गेलेली असते आणि ते नुकसान कायमचे असते. ग्लिकने सुरीने जे केले, तेच विषाणू गुपचूप करून जातो. ग्लिकलाही सुरुवातीला काही फरक दिसला नव्हता, हे आठवा.

अशा पिलाच्या डोळ्यात तुम्ही राणीखेतच्या लसीचा थेंब टाकलात, तर काय होईल? लस उत्तम आहे, थेंब बरोबर पडला आहे, तक्त्यावर खूणही झाली आहे. पण ओळख करून घ्यायला घरात कोणी नाही. १९७२ मध्ये ॲलन, फॅरागर आणि कलन या इंग्लंडमधील संशोधकांनी गंबोरोमुळे प्रतिकारशक्ती खचते हे दाखवले. दोन वर्षांनी फॅरागर व सहकाऱ्यांनी राणीखेतची लस घेऊन नेमका प्रयोग केला. (तिकडे या रोगाला न्यूकॅसल म्हणतात. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये तो १९२६ मध्ये दिसला आणि आपल्याकडे त्याच सुमारास हिमालयातील राणीखेतला.) वेगवेगळ्या वयाच्या पिलांना त्यांनी गंबोरोचा संसर्ग केला आणि मग लस कितपत लागू पडते ते मोजले. पहिल्या दिवशी संसर्ग झालेल्या पिलांत लसीचा परिणाम सर्वांत जास्त खालावला, सातव्या दिवशी झालेल्यांत मध्यम. चौदाव्या किंवा एकविसाव्या दिवशी झालेल्यांत घट नगण्य होती. विषाणू एकच आणि लसही एकच. फरक फक्त दिवसांचा होता.

आईची शिदोरी

तर मग पहिल्याच दिवशी गंबोरोची लस देऊन टाकावी, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच विचारले होते. पण येथे एक अडचण उभी राहते आणि ती निर्माण करते खुद्द आई.

कोंबडी अंडे घालते तेव्हा आपल्या रक्तातील प्रतिपिंडे ती बलकात भरून ठेवते. पिलू बलक शोषून घेते आणि आईने ज्या रोगांशी सामना केला असेल, त्यांच्याविरुद्धची शिदोरी घेऊनच कवच फोडून बाहेर येते. ही शिदोरी पिलाला वाचवते. मात्र विषाणू खरा की लसीतला, हे तिला कळत नाही. लसीतला दुबळा विषाणू शरीरात शिरला, की आईची प्रतिपिंडे त्यालाही गाठून निकामी करतात. लस वाया जाते आणि पिलाचे स्वतःचे शरीर काहीच शिकत नाही.

शिदोरी संपेपर्यंत थांबावे, तर मधल्या काळात खरा विषाणू शिरतो. पुन्हा थोडी शिदोरी शिल्लक असताना लसीचा दुबळा विषाणू तिच्यापुढे हरतो, पण शेडमधला तीव्र विषाणू मात्र तिला पुरून उरतो. म्हणजे काही दिवस असे येतात, की त्या दिवसांत लस लागू पडत नाही आणि रोग मात्र लागू शकतो. या दिवसांची लांबी कशी कमी करायची, हाच सारा प्रश्न आहे.

येथे माझा विषय मदतीला येतो. आईची प्रतिपिंडे पिलाच्या रक्तातून कशी कमी होतात? किरणोत्सारी पदार्थ कमी होतो तशी: ठराविक काळात निम्मी, पुन्हा तेवढ्याच काळात उरलेल्याची निम्मी. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल आठ दिवसांचा असतो, हे तुम्हांला माहीत असेल. मांसाच्या जातीच्या म्हणजे ब्रॉयलर पिलांत गंबोरोविरुद्धच्या आईच्या प्रतिपिंडांचा अर्धायुकाल सुमारे ३ ते ३.५ दिवस असतो. अंड्यांच्या जातीच्या पिलांत तो ५ ते ५.५ दिवस असतो. हा फरक का? रेडियमचा तुकडा वाढत नाही, पिलू वाढते. ब्रॉयलरचे पिलू पहिल्याच आठवड्यात वजनाने सुमारे चौपट होते. जुनी प्रतिपिंडे वाढलेल्या रक्तात विरळ होत जातात, जणू त्याच सरबतात कोणी पाणी ओतत राहावे.

आता एक उदाहरण सोडवू. पहिल्या दिवशी एका ब्रॉयलर पिलाच्या रक्तातील प्रतिपिंडांची पातळी नेहमीच्या चाचणीत ४००० भरली. आपण वापरणार आहोत ती मध्यम-तीव्र लस पातळी ५०० वर आली, म्हणजे लागू पडते. ४००० चे २०००, २००० चे १०००, १००० चे ५००: तीन वेळा निम्मे झाले. अर्धायुकाल ३.५ दिवस धरला तर ३ × ३.५ = १०.५ दिवस. म्हणजे अकराव्या-बाराव्या दिवशी लस द्यावी. सौम्य लस वापरायची असेल, तर तिला पातळी १२५ पर्यंत उतरावी लागते. आणखी दोन वेळा निम्मे, म्हणजे आणखी सात दिवस थांबा. तीव्र लस आधी देता येते हे खरे, पण तिचाही धोका आहे. शिदोरी नसलेल्या पिलाला ती फार लवकर दिली, तर ती स्वतःच पिशवीला इजा करू शकते.

हिशेब सोपा आहे. अडचण अशी, की शेडमध्ये एकच पिलू नसते. एकाची सुरुवात ८००० पासून होते, शेजारच्याची १००० पासून. पहिले पिलू चौदा दिवसांनी लसीला तयार होईल, दुसरे साडेतीन दिवसांतच उघडे पडेल. पिल्ले वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्यांच्या अंड्यांतून आली असतील, तर ही तफावत आणखी वाढते. म्हणून जाणकार पशुवैद्य लॉटमधील वीसेक पिलांच्या रक्ताची तपासणी करून मग दिवस ठरवतात. छापील तक्त्यातला चौदावा दिवस हा सरासरीचा अंदाज आहे. तो देवाने ठरवून दिलेला मुहूर्त नव्हे.

पिरंगुटच्या त्या शेडमध्ये बहुधा असे झाले: मागच्या लॉटचा विषाणू तुसात आणि फटींत टिकून होता, शिदोरी कमी असलेल्या पिलांना त्याने पहिल्या काही दिवसांतच गाठले आणि सहाव्या दिवशीची राणीखेतची लस त्या पिलांच्या बाबतीत निष्फळ ठरली. लॉटमधील काही पक्षी असे उघडे राहिले, की मानमोडीला शिरकाव मिळतो. पुढच्या वेळी मालकांनी लस कंपनी बदलली नाही. शेड धुऊन, चुना व फॉर्मेलिन वापरून ती बराच काळ रिकामी ठेवली आणि पिल्ले एकाच वयाच्या कोंबड्यांची मागवली.

अलीकडे या अडचणीतून वेगळ्या मार्गाने सुटका करून घेतली जाते. पैदाशीच्या कोंबड्यांना अंड्यावर येण्यापूर्वी तेलमिश्रित मृत लस टोचली, की पिल्लांची शिदोरी भरघोस आणि बरीचशी एकसारखी होते. पहिले दोन नाजूक आठवडे त्यामुळे निभावतात. दुसरी युक्ती अधिक मजेदार आहे. टर्कीच्या एका निरुपद्रवी विषाणूत गंबोरोचा एक जनुक बसवतात आणि तो विषाणू उबवणी केंद्रातच, कधी तर अठराव्या दिवशी अंड्यातच टोचतात. आईची प्रतिपिंडे गंबोरोचे कवच शोधत फिरतात. येथे ते कवच वरून दिसतच नाही. त्यामुळे लस त्यांच्या तावडीतून बऱ्याच अंशी सुटते.

डुकराच्या पिलाची गोष्ट

पक्ष्यांची ती पिशवी सस्तन प्राण्यांत नाही. मग त्यांच्यात लसीला असा अडथळा येत नाही का? येतो, आणि त्याचा अभ्यास सर्वांत जास्त डुकरांच्या पिलांवर झाला आहे. वराहपालन महाराष्ट्रात थोडे, ईशान्य भारतात मात्र घरोघर आहे आणि तेथे वराहज्वराची लस हा कुटुंबाच्या मिळकतीचा प्रश्न असतो.

डुकरिणीच्या गर्भाशयात आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये ऊतींचे सहा थर असतात. प्रतिपिंडे त्यातून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे पिलू जन्मते ते शिदोरीशिवाय. शिदोरी असते ती आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात. आपण गाईच्या चिकाचा खरवस आवडीने खातो, पण वासराला किंवा डुकराच्या पिलाला त्याचा एकेक घोट मोलाचा असतो. पिलाच्या आतड्याची प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषण्याची क्षमता फक्त पहिला दिवस-दीड दिवस टिकते. शेवटी जन्मलेले, अंगाने लहान पिलू भावंडांच्या धक्काबुक्कीत मागे राहिले, तर त्याची शिदोरी आयुष्यभरासाठी हुकते. डुकराच्या पिलात या प्रतिपिंडांचा अर्धायुकाल सुमारे दीड ते दोन आठवड्यांचा, म्हणजे कोंबडीच्या पिलापेक्षा पुष्कळ जास्त. त्यामुळे लस केव्हा द्यावी हा पेच येथे काही आठवडे चालतो.

पिशवी नसली, तरी विषाणूला तोडफोड करायला दुसरी जागा सापडते. अमेरिकेत १९८७ मध्ये आणि पुढे तीन वर्षांत युरोपात डुकरांचा एक नवा रोग पसरला. माद्या गाभडत आणि पिल्ले श्वसनविकाराने दगावत. त्याला पीआरआरएस म्हणतात. भारतात तो २०१३ मध्ये मिझोराममध्ये प्रथम आढळला. याचा विषाणू बी-पेशींच्या वाटेला जात नाही. तो फुफ्फुसातील भक्षक पेशींवर बसतो. आलेला परका कण गिळून, त्याचे तुकडे करून, ते इतर पेशींना दाखवणे हे या भक्षक पेशींचे काम. म्हणजे कोंबडीत कारागीर मारले जातात, तर डुकरात कारागिरांना नमुना आणून दाखवणारा माणूसच आजारी पडतो. थायलंडमधील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पीआरआरएसचा संसर्ग झालेल्या पिलांना वराहज्वराची लस दिली. एरवी भरवशाची असलेली ती लस या पिलांचे वराहज्वरापासून रक्षण करू शकली नाही.

पीआरआरएसची लागण कित्येकदा आईच्या पोटातच होते. पिलू बाहेरून धडधाकट असेल, तर ते कळणार कसे? म्हणून लसीकरणापूर्वी पिलाला ताप आहे का, कळपात खोकला आहे का, हे पाहणे ही डॉक्टरांची हौस नसते.

आणि माणूस

१९०८ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांच्या एक गोष्ट लक्षात आली. क्षयाच्या जंतूंची ओळख असलेल्या मुलाच्या त्वचेवर ट्युबरक्युलिनची चाचणी केली, की तेथे लाली येते. तेच मूल गोवराने आजारी असताना ही लाली येत नव्हती. शरीर जणू जुनी ओळख विसरत होते. विषाणू प्रतिकारशक्तीला झोपवतो याचे हे फार जुने निरीक्षण आहे. तेव्हा गंबोरोचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचे गोवराच्या आधीचे आणि नंतरचे नमुने तपासले गेले. गोवरानंतर मुलांनी आपल्या जुन्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के विविधता गमावली होती. गोवराची लस घेतलेल्या मुलांत अशी घट आढळली नाही.

आईच्या शिदोरीचा हिशेबही येथे आहेच. मानवी आई नाळेतूनच बाळाला प्रतिपिंडे देते. ती बाळाच्या रक्तात कित्येक महिने राहतात आणि गोवराची लस निष्प्रभ करू शकतात. म्हणून आपल्या देशात ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. घरी आईने जपून ठेवलेले तुमचे लसीकरणाचे कार्ड काढून पाहा. नवव्या महिन्यासमोरच्या त्या नोंदीमागे आपण वर सोडवला तसलाच हिशेब आहे.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली. तेव्हा नऊ महिन्यांच्या आतली बाळेही आजारी पडू लागली. थांबावे तर रोग गाठतो, द्यावी तर आईची प्रतिपिंडे लस वाया घालवतील, असा तोच पेच उभा राहिला, पण आता माणसांच्या मुलांबाबत. केंद्र सरकारने त्या नोव्हेंबरमध्ये दिलेल्या सूचनेत तोडगा असा होता: ज्या भागात एकूण रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून अधिक बाळे नऊ महिन्यांच्या आतली असतील, तेथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक मात्रा द्यावी. काही बाळांत ती लागू पडेल, काहींत वाया जाईल. म्हणून ती हिशेबात धरायची नाही. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधली अशा दोन्ही नेहमीच्या मात्रा त्या बाळाला पुन्हा द्यायच्याच. या जादा मात्रेला ‘शून्य मात्रा’ असे म्हणतात.